शेततळ्याला वरचं किती रान लागतं आणि ते मोजायचं कसं?

तुम्ही विचारलंय की माळाच्या उतारावर, ओघळीच्या तोंडाशी 30×30×3 मीटरचं शेततळं घ्यायचंय. वरच्या किती रानाचं पाणी त्यात उतरेल हे इंजिनिअर न बोलावता कळेल का? कळेल, पण चालावं लागेल.

आधी गरज काढा. बाजूंना दीडास एक उतार (दीड मीटर आडवं, एक मीटर खोल) धरला तर या तळ्यात 1971 घनमीटर पाणी मावतं. एका हेक्टरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 10 घनमीटर. 500 मिमी पावसाच्या गावात त्यातलं दहा टक्के वाहून आलं तर हेक्टरी 500 घनमीटर, म्हणजे चार हेक्टर रान पुरे. दहा टक्के हा माझा सावध आकडा. मुरमाड उघडा माळ जास्त देतो, नांगरलेली काळी जमीन सुरुवातीचे पाऊस गिळून बसते. (मुंबई इलाख्याच्या काळात स्ट्रेंज नावाच्या इंजिनिअरने पाऊस आणि पाणलोटाची चांगली-मध्यम-वाईट प्रत बघून किती पाणी वाहून येईल याची कोष्टकं केली होती. कुणी पाटबंधारेवाला ओळखीचा असेल तर त्याच्याकडून ती बघून घ्या.)

आता रान. टोपोशीटच्या, म्हणजे उंच-सखलपणा दाखवणाऱ्या सरकारी नकाशाच्या, नादाला लागू नका. 1:50,000 च्या नकाशात एक चौरस सेंटिमीटर म्हणजे 25 हेक्टर. तुमचं चार हेक्टर त्यावर 4 मिमीचा ठिपका. कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा, 20 मीटर उंचीच्या अंतराने, एखादी रेघ त्या ठिपक्यातून गेली तर नशीब. पाझर तलावाला तो नकाशा ठीक.

त्यापेक्षा तळ्याच्या तोंडापासून निघा, एका बाजूने माथ्यामाथ्याने वर चढा, दुसऱ्या बाजूने उतरा. पाणी आपल्याकडे उतरतं की पलीकडे, एवढंच बघत जायचं. शंका आली तिथे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने पातळी लावायची. चालताना लागलेल्या माथ्यावरच्या जागा गुगल अर्थवर ठिपके देऊन जोडल्या की क्षेत्रफळ हातात.

माझं सहा हेक्टर निघालं होतं. पहिल्या वर्षी तळ्यात गुडघाभर पाणी! पुढच्या जुलैत भर पावसात, डोक्यावर खताचं पोतं घेऊन वर गेलो. मधला गाडीरस्ता नुकताच मुरूम टाकून उंच केलेला. त्याच्या कडेच्या चारीने वरचं सगळं पाणी गोळा करून पलीकडच्या ओढ्यात सोडलं होतं. माझ्या वाट्याला रस्त्याखालचं जेमतेम अडीच हेक्टर. उपग्रहाच्या चित्रात ती चारी दिसतच नव्हती. बांध, पाट, सलग समतल चर हेही असंच पाणी पळवतात किंवा जिरवतात. म्हणून मोजणी उन्हात करा, पण खात्री पावसातच. पाऊस ओसरल्यावर काटक्या-पाचोळ्याची रेघ कुठे अडकलीय तेही बघा.

उलट रान चाळीस हेक्टर निघालं तर ती जागा सोडा. ते तळं नाही, ओढ्यात बसणं झालं; बांध राहायचा नाही.

मी शेवटी ग्रामपंचायतीला विचारून रस्त्याखालून दोन फुटी सिमेंट पाईप टाकला. तळं भरलं. पलीकडच्या शेजाऱ्याच्या विहिरीला त्या चारीचं पाणी लागायचं, तो मात्र अजून बोलत नाही.