आरशाला कापड लावण्याआधी हे वाचा

गुहागरहून तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. पावसाळ्यानंतर सहा इंची दुर्बीण उघडली तर आरशावर कोळ्याच्या जाळ्यासारखे डाग दिसतात, ते चष्म्याच्या कापडाने पुसू का? आणि गटावरच्या नक्षत्रांच्या भेंड्यांवरून भांडणं होतात, त्या बंद कराव्यात का? दोन्हीला माझं उत्तर 'नको' असंच आहे. पहिल्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुमचा प्रश्न वाचला आणि २०२०चा ऑक्टोबर डोळ्यांपुढे आला.

पडवीत बसून मी आरसा पुसला होता. धुवट मलमल, वर तोंडाची वाफ, गोल गोल, हलक्या हाताने. डाग गेले. रात्री दुर्बिणीत गुरू लावला तर भोवती दुधाळ धूसरपणा, पट्टे जवळपास नाहीसे. सकाळी आरसा उन्हात तिरका धरला तेव्हा केसासारखे गोल ओरखडे दिसले, जसा हात फिरला होता तसेच. आपल्याकडे आरशावर नुसती धूळ नसते. खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेलं मीठ असतं, बारीक पुळण, म्हणजे किनाऱ्यावरची वाळू, असते. अ‍ॅल्युमिनियमचा थर जेमतेम १०० नॅनोमीटरच्या आसपास, केसाच्या शेकडो पट पातळ. त्यावर पुळण घासली की काय उरणार?

नवा थर चढवायला आरसा एका संस्थेच्या प्रयोगशाळेत दिला. नाव लिहीत नाही. "पंधरा दिवसांनी या." मग खासगी माणसाचा अर्ज चालत नाही, लेटरहेड आणा. आणलं, तर साहेब रजेवर. २१ डिसेंबरला गुरू आणि शनी एकमेकांपासून फक्त ०.१ अंशावर आले. शनीची कडी आणि गुरूचे चंद्र एकाच आयपीसमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात! इतकं जवळ ते पुन्हा येणार २०८०मध्ये. माझा आरसा त्या दिवशी त्यांच्या कपाटात होता. मुलीला दाखवायचं कबूल केलं होतं, ते राहिलंच. किनाऱ्यावर बसून दोघांनी नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. टाळेबंदीनंतरचे दिवस होते, माणसं कमी होती, हे समजतं. पण "आत्ता जमणार नाही" एवढं फोनवर सांगितलं असतं तर मी आरसा दुसरीकडे नेला असता. आरसा मार्चमध्ये मिळाला. तो राग अजून गेलेला नाही.

आता तुमचं. मी तज्ज्ञ नाही, एका दुर्बिणीच्या अनुभवावर बोलतोय. टॉर्च मारून आरसा बघू नका, टॉर्चमध्ये चांगला आरसाही भयंकर दिसतो. चित्र खरंच बिघडलं असेल तरच धुवा. हातातली अंगठी काढा, टबात टॉवेल अंथरा, नळाच्या मंद धारेखाली मीठ वाहून जाऊ द्या. मग भांड्याच्या साबणाचा एक थेंब घातलेल्या पाण्यात कापसाचा बोळा बुडवून फक्त त्याच्या वजनाने फिरवा, दाबायचं नाही. शेवटी डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीच्या दुकानात मिळतं. आरसा उभा करून वाळवा. एवढं करूनही जाळी राहिली, तर बुरशीने थर खाल्लाय असं माझं मत. मग घासण्यात अर्थ नाही.

आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, कामांतच आरसा काढून ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसह घट्ट डब्यात ठेवा. फोमच्या पेटीत अजिबात नको, फोम ओल धरून ठेवतो. आणि निरीक्षण शक्यतो उत्तररात्री, मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा, सुटल्यावर करा. दव तेव्हाही पडतं, पण मीठ तरी कमी बसतं.

भेंड्यांचं म्हणाल तर पावसाचे चार महिने आमचा गट त्यांच्यावरच टिकतो. काना-मात्रा सोडून शेवटचं अक्षर, हा नियम. तुला, लुब्धक, कालेय, ययाती, त्रिशंकू, काक्षी... त्रिशंकू 'त'वर चालतो का, यावर दोन दिवस वाद झाला. पण ज्याने तो शब्द टाकला, त्याने त्रिशंकू कधी पाहिलाच नव्हता. मे महिन्यात आम्ही त्याला रात्री नऊला कातळसड्यावर नेलं आणि दक्षिणेला, क्षितिजाच्या थोडा वर, तो दाखवला. 'क्ष'वर कुणीतरी 'क्षितिज' दिलं, तेही आम्ही चालवून घेतलं. त्यानंतर आली ज्येष्ठा, आणि 'ठ'वर गट अजून अडलाय. तुमच्याकडे काही असेल तर कळवा.