कोळशाने काढलेल्या जुन्या लढाईच्या चित्रात नेमकं बघायचं काय?

तुम्ही विचारलंय की टिशियनचं (सोळाव्या शतकातला व्हेनिसचा चित्रकार) पॅरिसच्या लूव्र म्युझियममधलं लढाईचं ड्रॉइंग ऑनलाइन पाहिलं, नुसता काळा गुंता दिसला, मग लोक एवढं कौतुक कशाचं करतात. प्रश्न रास्त आहे, त्यात घोडा कुठे संपतो आणि माणूस कुठे सुरू होतो हे पटकन कळतच नाही.

चेहरे शोधत बसू नका, आधी पूल शोधा. सगळी घोडदळाची गर्दी त्या पुलावरून लोटतेय आणि खाली पाण्याकडे माणसं, घोडी कोसळतायत. पूल सापडला की बाकीचं आपोआप सुटत जातं, कारण खरी गंमत तिथेच आहे, मोकळ्या मैदानात शेकडो सैनिक काढले तरी ते विखुरलेले वाटतात पण अरुंद पुलावर थोडेसे घोडे कोंबले की मागून किती रेटा येतोय ते न दाखवताही जाणवतं.

मग झूम करा आणि कोळसा कुठे दाबलाय, कुठे नुसता फिरवलाय ते बघा. कोळसा कागदाला घट्ट धरत नाही, बोटाने पुसला की जातो, त्यामुळे हात बिनधास्त चालतो, चुकलं तर झटका आणि परत काढा. असल्या ड्रॉइंगमध्ये एकाच पायाच्या दोन-तीन रेषा दिसल्या तर तो ढिसाळपणा समजू नका, चित्रकार तिथे विचार करतोय. शिवाय कागद मुळात निळा आहे, व्हेनिसमध्ये निळ्या चिंध्यांपासून असा कागद बनायचा आणि तिथल्या चित्रकारांचा तो लाडका. मधला टोन कागदच देतो, काळ्याने फक्त सावली भरायची. उजेडात राहून असा कागद राखाडी पडतो, म्हणून स्क्रीनवर अजूनच मळकट वाटतं.

आणि वरून चौकोन आखलेत ते दिसले का? आपल्याकडे बॅनर रंगवणारे पेंटर फोटोवर ग्राफ टाकून मोठं चित्र उतरवायचे ना, अगदी तेच. म्हणजे भिंतीवर टांगायला काढलेलं हे ड्रॉइंग नाहीच, जेमतेम ३८ बाय ४४ सेंटिमीटरचा कामाचा कागद आहे.

काम कसलं, तर व्हेनिसच्या डोजच्या (तिथला राज्यप्रमुख) राजवाड्यातल्या मोठ्या सभागृहातलं प्रचंड चित्र. १५१३ मध्ये टिशियनने स्वतःहून ते मागून घेतलं, म्हणाला जागा इतकी अवघड आहे की कोणी हात लावायला तयार नाही (खिडक्यांच्या मधली भिंत, समोरून उजेड डोळ्यात येणार, विचार करा). नंतर वर्षानुवर्षं काम रखडलं, मानधन मात्र चालू! शेवटी १५३७ मध्ये सरकारने दिलेले पैसे परत मागितले तेव्हा कुठे साहेब हलले आणि १५३८ मध्ये चित्र पूर्ण झालं. विषय कागदोपत्री इटलीतल्या स्पोलेतो शहराची लढाई, पण बरेच जण त्याला कादोरेची लढाई म्हणतात, १५०८ मध्ये व्हेनिसने तिथे सम्राट मॅक्सिमिलियनच्या फौजेला हरवलं होतं आणि कादोरे हा टिशियनचाच मुलूख.

१५७७ च्या आगीत ते चित्र जळालं. आता उरल्यात नकला, जुलिओ फोंतानाने त्यावरून केलेलं छापचित्र आणि हा कागद. छापचित्र शेजारच्या टॅबमध्ये उघडून ठेवा, कोण कुठे आहे ते त्यात लगेच कळतं, पण माझ्या मते ते फार नीटनेटकं झालंय, लढाईतला रेटा त्यात राहिलेला नाही. टिशियनच्या स्वतःच्या हातचं अजून काही हवं असेल तर ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन म्युझियममधलं, घोड्यासकट कोसळणाऱ्या स्वाराचं ड्रॉइंग शोधा, त्यावरही चौकोन आहेत. ते याच चित्रासाठी केलं की बऱ्याच नंतर, यावर अभ्यासकांचं अजून जमलेलं नाही.