पहाटे ६ ला शेड्यूल केलेली पोस्ट साडेअकराला का दिसते?

फोंड्यातल्या तुमच्या देवस्थानाच्या जत्रेची सूचना वेबसाइटवर पहाटे ६ ला लावली होती आणि ती ११:३० ला दिसली, असं तुम्ही लिहिलंय. हा साडेपाच तासांचा फरकच सगळं सांगतो. वर्डप्रेस, म्हणजे साइट चालवणारं सॉफ्टवेअर, यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतंय आणि आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. सेटिंग्जमध्ये जनरल उघडा आणि टाइमझोन म्हणून कोलकाता निवडा (भारताची वेळ तिथे याच नावाने असते). आधीच शेड्यूल करून ठेवलेल्या पोस्ट मात्र आपोआप सरकत नाहीत. त्या एकेक उघडून वेळ नव्याने टाका. आमच्या गावच्या वाचनालयाच्या साइटवर मी हे विसरलो आणि नाटकाची सूचना पडदा उघडल्यावर झळकली. लोक विचारत होते, मला फार वाईट वाटलं.

एवढं करूनही उशीर झाला तर दुसरं कारण बघा. वर्डप्रेसचा क्रॉन, म्हणजे ठरलेली कामं वेळेवर करणारा भाग, घड्याळावर चालत नाही, साइटवर कोणी आलं की जागा होतो. पहाटे गावच्या साइटवर कोण येणार? म्हणून तो अंगभूत क्रॉन बंद करून होस्टिंगच्या (साइट ज्या सर्व्हरवर ठेवली आहे त्या सेवेच्या) पॅनेलमधून दर ५ मिनिटांनी चालणारा क्रॉन जॉब लावा. होस्टिंगवाल्याला सांगितलं तर तोही लावून देईल.

पोस्ट 'प्रकाशित' दाखवते पण लोकांना जुनंच पान दिसतं, असं असेल तर कॅशे, म्हणजे पानांच्या साठवून ठेवलेल्या जुन्या प्रती, साफ करा. तपासताना लॉगआउट करून मोबाइल डेटावर बघा, कारण लॉगइन असताना बहुतेक वेळा कॅशे आड येतच नाही.