डेटा परिषदेत बोलायचे आहे? प्रस्तावाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न: 'डेटा गव्हर्नन्सचे महत्त्व' या विषयावरचा माझा प्रस्ताव दोन परिषदांनी नाकारला. विषय तर सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा आहे. मग चुकते कुठे?

विषय फार मोठा आहे. गव्हर्नन्स म्हणजे डेटाविषयीचे नियम आणि जबाबदाऱ्या ठरवणे. डेटा व्यवस्थापनाच्या परिषदेला येणाऱ्याला गव्हर्नन्सचे महत्त्व पटलेलेच असते, नाहीतर तो हातातले काम सोडून आला नसता. तुम्ही कोणता निर्णय घेतला, तो घेताना काय आडवे आले आणि शेवटी काय बदलले, हे त्याला ऐकायचे असते.

समजा, तुम्ही ग्राहकांच्या मास्टर डेटामधल्या (सगळ्या प्रणाली वापरतात त्या मूळ नोंदींमधल्या) दुबार नोंदी निस्तरल्या आहेत. 'मास्टर डेटा: काळाची गरज' हे शीर्षक कुणाच्याही भाषणाला चालेल. त्याऐवजी असे लिहून पाहा: 'एक ग्राहक, तीन नोंदी: जुळवणीचा नियम आम्ही सैल का केला आणि पुन्हा का आवळला'. जाणकार परीक्षकाला एवढ्यावरून पुढचे दिसू लागते. नियम सैल केल्यावर एकाच घरातले, एकच फोन नंबर देणारे बाप-लेक एक झाले असणार. आवळल्यावर खऱ्या दुबार नोंदी निसटल्या असणार. मग जुळवणीचा उंबरठा, म्हणजे किती साम्य असले की दोन नोंदी एक मानायच्या, तो नेमका कुठे ठेवला आणि मधल्या संशयास्पद जोड्या कोणी डोळ्यांनी तपासल्या, हे ऐकायला तो स्वतःच उत्सुक होतो.

दुसरी नेहमीची चूक आकड्यांत होते. 'डेटा क्वालिटी ४० टक्क्यांनी सुधारली' हे वाक्य प्रस्तावाचे नुकसान करते. कशाचे ४० टक्के? कोणत्या नोंदी, कोणता निकष, किती काळात? याऐवजी 'सक्रिय ग्राहकांच्या नोंदींपैकी ईमेलचा रकाना रिकामा असलेल्या नोंदी सहा महिन्यांत १२ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आल्या' अशा घाटाचे वाक्य हवे. छेद, म्हणजे कशापैकी किती, हे सांगितले की आकड्याला वजन येते. पण इथेही एक खाच आहे. रकाना सक्तीचा केला की पूर्णता झपाट्याने वाढते आणि लोक त्यात काहीबाही भरून मोकळे होतात, म्हणजे वैधता घसरते. हे तुम्ही तपासले असेल तर त्याचे एक वाक्य सारांशात जरूर घाला. तपासले नसेल तर प्रस्ताव पाठवण्याआधी तपासा.

प्रश्न: सारांश किती शब्दांचा असावा आणि कोणत्या क्रमाने लिहावा?

फॉर्मवर मर्यादा दिलेली असेल तर तीच पाळा. नसेल तर १५० ते २०० शब्द पुरेसे आहेत. पहिल्या दोन वाक्यांत अडचण आलीच पाहिजे, कारण परीक्षक एका बैठकीत डझनांनी प्रस्ताव वाचतो. 'आजच्या डिजिटल युगात डेटा हे नवे तेल आहे' अशा सुरुवातीवर त्यातली दोन वाक्ये खर्ची पडतात. अडचणीनंतर काय केले, काय फसले, आकडा काय आला आणि शेवटी श्रोता काय घेऊन जाईल, हा क्रम जवळजवळ नेहमी चालतो. 'काय फसले' हा भाग लोक लाजेने गाळतात आणि तिथेच प्रस्ताव इतर दहांसारखा होऊन बसतो.

'श्रोत्यांना काय मिळेल' या रकान्यात 'लिनिएजचे (आकडा कुठून कसा आला, त्या मागाचे) महत्त्व समजेल' असे लिहू नका. 'अहवालातल्या एका आकड्याचा माग मूळ टेबलापर्यंत काढण्याची रीत आणि त्यासाठीचा कोरा नमुना मिळेल' असे लिहा. तीन मुद्दे बास. सहा लिहिले की ४५ मिनिटांत ते बसणार नाहीत, हे परीक्षकाला लगेच कळते.

अनेक फॉर्मांत फक्त निवड समितीसाठी वेगळा रकाना असतो. तो रिकामा सोडू नका. सत्राचा मिनिटवार आराखडा, कंपनीची परवानगी मिळाल्याची नोंद, हा विषय आधी कुठे मांडला असेल तर तेही तिथे जाते. परीक्षण नाव झाकून होणार असेल तर सारांशात स्वतःचे किंवा कंपनीचे नाव येऊ देऊ नका.

थोडे यांत्रिक: मजकूर आधी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये तयार करा. कित्येक फॉर्म ठळक अक्षरे आणि बुलेट गिळून टाकतात आणि तुमचे पाच मुद्दे एका सलग ओळीत चिकटतात. अक्षरांची मर्यादा असेल तर मोकळ्या जागाही मोजल्या जातात. शीर्षक साठेक अक्षरांत बसवलेले बरे, कारण मोबाइलवरच्या वेळापत्रकात लांब शीर्षकाची शेपटी कापली जाते. म्हणून महत्त्वाचा शब्द पुढे हवा.

प्रश्न: ट्रॅक, म्हणजे सत्रांचा विषयगट, कोणता निवडावा? आमचे काम मेटाडेटा (डेटाविषयीची माहिती) आणि क्वालिटी दोन्हींत मोडते.

श्रोता कोणत्या अडचणीपायी तुमच्या खोलीत येईल, त्यावर ठरवा. डामा या डेटा व्यवस्थापन व्यावसायिकांच्या संस्थेच्या 'डीएमबॉक' या मार्गदर्शक ग्रंथाच्या २०१७ मधल्या दुसऱ्या आवृत्तीत डेटा व्यवस्थापनाची ११ ज्ञानक्षेत्रे आहेत आणि ती दाखवणाऱ्या चाकाच्या आकृतीच्या मध्यभागी गव्हर्नन्स आहे. त्या मांडणीमुळे प्रत्येकाला आपले काम गव्हर्नन्सचेच वाटते आणि त्या ट्रॅकवर गर्दी होऊ शकते. कॅटलॉगमधल्या, म्हणजे डेटाच्या सूचीतल्या, व्याख्या दुरुस्त केल्याने अहवालांतल्या चुका कमी झाल्या असतील तर मेटाडेटा निवडा आणि समितीच्या रकान्यात 'क्वालिटी ट्रॅकही चालेल' असे लिहा.

प्रश्न: खऱ्या प्रकल्पाचे आकडे आणि स्क्रीनशॉट दाखवायचे आहेत. परवानगी कधी घ्यावी?

प्रस्ताव पाठवण्याआधी, आणि लेखी. निवड झाली की सारांश परिषदेच्या वेळापत्रकात छापला जातो. तेव्हा विधी विभागाने हरकत घेतली तर माघार घ्यावी लागते आणि आयोजकांच्या ते लक्षात राहते. परवानगी मागताना 'प्रेझेंटेशन' एवढाच शब्द वापरू नका. सारांशाचे प्रकाशन, सत्राचे रेकॉर्डिंग आणि स्लाइडचे वाटप या तिन्हींचा वेगवेगळा उल्लेख करा. ग्राहकाचे नाव घ्यायचे असेल तर ग्राहकाचीही संमती लागते.

आता फाइलकडे या, कारण डेटावर काम करणाऱ्यांच्या हातूनही इथे गळती होते. एक्सेलमधला आलेख पॉवरपॉइंटमध्ये एम्बेड केला की त्याच्यासोबत अख्खे वर्कबुक जाते. पडद्यावर चार खांब दिसतात, पण ज्याच्या हाती फाइल पडते तो 'एडिट डेटा' करून बाकीच्या शीटही उघडू शकतो. म्हणून आलेख चित्र म्हणूनच चिकटवा. स्क्रीनशॉट स्लाइडवर क्रॉप केला तरी कापलेला भाग फाइलमध्ये राहतो. तो 'कॉम्प्रेस पिक्चर्स'मधून मुद्दाम काढून टाकावा लागतो. मजकुरावर काळा चौकोन ठेवून पीडीएफ बनवली तर खालची अक्षरे निवडून कॉपी करता येतात.

नावे काढली म्हणजे झाले, असेही नाही. एखाद्या शाखेत, एखाद्या वयोगटात फक्त दोन माणसे असतील तर तक्त्याच्या त्या चौकटीतला आकडा त्यांच्याकडेच बोट दाखवतो. असे छोटे गट एकत्र करा. नुसता तो एक आकडा झाकून भागत नाही, कारण ओळीची बेरीज दिली असेल तर वजाबाकीने तो परत मिळतो. टेबलांची आणि कॉलमची नावेही बदला; अंतर्गत प्रणालींची रचना त्यांतून उघडी पडते. सगळ्यात निर्धोक वाट म्हणजे त्याच घाटाचा कृत्रिम डेटा तयार करणे आणि स्लाइडवर तसे स्पष्ट लिहिणे.

प्रश्न: मी सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीत आहे. माझा प्रस्ताव कुणी घेईल का?

घेतील, पण शीर्षकात उत्पादनाचे नाव आले तर बहुधा नाही. परीक्षक एक साधी कसोटी लावतो: उत्पादन वगळले तर सत्रात काय उरते? शक्य असेल तर ते वापरणाऱ्या संस्थेतला माणूस सहवक्ता घ्या आणि मुख्य बोलणे त्याच्याकडे द्या. निव्वळ उत्पादनच दाखवायचे असेल तर प्रायोजकांची सत्रे वेगळी असतात. तो सरळ मार्ग घ्या.

प्रश्न: ४५ मिनिटांत किती बसते? डेमो करावा का?

प्रश्नांसाठी १० मिनिटे आणि माइक, लॅपटॉपची जोडणी, ओळख यांत ३ मिनिटे धरली तर हाती ३२ उरतात. स्लाइडमागे दोन मिनिटे धरली तर १६ स्लाइड. आराखड्यात तेवढ्याच दाखवा. डेमो असेल तर तो आधी रेकॉर्ड करून ठेवाल, हे प्रस्तावातच लिहा. सभागृहातले नेटवर्क ऐन वेळी दगा देते, हे परीक्षकांना ठाऊक असते.

प्रश्न: शेवटच्या तारखेपुढे 'एओई' लिहिले होते. माझा फॉर्म मुदतीत गेला की नाही, तेच कळले नाही.

'एओई' म्हणजे पृथ्वीवर कुठेही. यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, १२ तास मागचे घड्याळ. ३१ तारखेची रात्रीची ११:५९ ही मुदत यूटीसीनुसार १ तारखेला दुपारच्या आधी ११:५९ ला संपते. ही अक्षरे नसतील तर आयोजकांचा टाइम झोन पाहा. पोच आल्याचा ईमेल येईपर्यंत फॉर्म गेला असे धरू नका. काही फॉर्म 'ड्राफ्ट' म्हणून जतन होतात आणि शेवटचे बटण दाबायचे राहून जाते.

प्रश्न: मी कधीच परिषदेत बोललेली नाही. परिचयात काय लिहू?

तृतीय पुरुषात, ८० ते १०० शब्द. पदव्यांआधी या विषयावरचे काम येऊ द्या: किती वर्षे, कोणत्या प्रकारच्या डेटावर, कोणत्या भूमिकेत. बोलण्याचा नमुना मागितला तर मोबाइलवर दोन-तीन मिनिटे या सत्राचाच एक मुद्दा समजावून सांगा आणि आवाज स्वच्छ येतो का ते ऐकून पाहा. ४५ मिनिटांऐवजी २० मिनिटांचे सत्र मागितले तर नवख्या वक्त्याला संधी देताना समिती कमी कचरते.

प्रश्न: 'प्रतीक्षा यादीत आहात' असे उत्तर आले. आता काय करावे?

त्याच दिवशी होकार कळवा आणि कोणत्या तारखेपर्यंत कळवल्यास येऊ शकाल, तेही लिहा. वक्ते ऐन वेळी गळतात आणि आयोजक आधी उत्तर दिलेल्यांना विचारतात. दरम्यान तोच प्रस्ताव दुसरीकडे पाठवायला हरकत नाही, फक्त दोन्हीकडे तसे सांगा. स्लाइड मात्र तयार ठेवा. बोलावणे आले तर तयारीला एखादा आठवडाच मिळू शकतो.