सोलापुरातल्या विडी घरकुलासाठी (विडी कामगारांच्या वसाहतीसाठी) सिटी बस हवी, तर महापालिकेला काय लिहून द्यावं?

नुसतं ‘बस सुरू करा’ लिहून सह्या जोडल्या तर त्यावरून वेळापत्रक बसवता येत नाही. कोण, कुठून, कुठे, किती वाजता जातं ते द्या. कामाचे दोन दिवस आणि एक रविवार, सकाळी ६ ते १० नाक्यावर थांबून दर १५ मिनिटांनी रिक्षात बसणारे मोजा. वळलेल्या विड्या कारखान्यात द्यायला निघालेल्या बायका, सिव्हिलचे पेशंट, कॉलेजची मुलं वेगवेगळी मांडा. नाक्यावरच्या मोजणीत वाहनाअभावी घरीच राहणारे सुटतात, आणि खरी गरज त्यांचीच! गल्लीत जाऊन विचारा, तिथे बरेच जण तेलुगूभाषक, म्हणून तेलुगू बोलणारं कुणी सोबत घ्या. अर्जाची पोच घ्याच. डेपो-टर्मिनसची जागा मात्र शहराच्या विकास आराखड्याच्या (कुठली जागा कशासाठी राखायची ते ठरवणाऱ्या) हरकती-सूचनांत, मुदतीच्या आत मागा.