तोफेचे छायाचित्र घेण्यापूर्वी

आपण ठाण्यात राहता, तेव्हा किल्ल्यांवरील जुन्या तोफांची छायाचित्रे घेण्याची सुरुवात जंजिऱ्यापासून न करता घोडबंदर आणि वसईच्या किल्ल्यांपासून करावी, असे मला मनापासून वाटते. १७३७ साली मराठ्यांनी जिंकलेला आपला ठाण्याचा किल्ला आज मध्यवर्ती कारागृह असल्यामुळे तेथे कॅमेरा नेता येत नाही. परंतु १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतलेल्या वसईच्या तटावर सबंध दिवस कमीच पडतो.

नवे छायाचित्रकार तोफेला आडवी टिपतात आणि पुढे निघतात. तसे करू नका. तोफेशेजारी मोजपट्टी ठेवून तोंडाचा व्यास दिसेल असे एक चित्र घ्या, मग बत्ती देण्याचा कान, म्हणजे छिद्र, आणि दोन्ही बाजूंचे आडवे खुंट जवळून टिपा, कारण ब्रिटिश तोफांच्या खुंटांवर पुष्कळदा ओतणाऱ्याची खूण किंवा साल असते. अशा तोफांवर कोरलेले तीन आकडे, उदाहरणार्थ २३-१-१४, म्हणजे वजन होय: पहिला आकडा ११२ पौंडांच्या हंड्रेडवेटचा, दुसरा त्याच्या पाव हिश्श्यांचा, तिसरा सुट्या पौंडांचा; म्हणजे ही तोफ २६१८ पौंडांची.

गंजलेली अक्षरे भरदुपारी वाचताच येत नाहीत. सकाळचे तिरपे ऊन किंवा बाजूने धरलेली विजेरी एवढ्यानेच ती उठून दिसतात. त्यांवर खडू फासणे वा गंज खरवडणे मात्र कृपया कधीही करू नका. त्या थराबरोबर अक्षरही निघून येते.