आधी ऊब, मग पाणी, अन्न सगळ्यात शेवटी

पावसाळा लागला की या सदरात सापांचीच पत्रं जास्त येतात. यावेळी तीन घेतलीत, पहिल्याला जागा जास्त दिलीय कारण त्यात एक जीव वाचायची खरी शक्यता आहे.

प्रश्न: खारघरला आमचा एक फ्लॅट भाड्याने दिलेला होता. भाड्याने राहणारी मुलं फ्लॅट सोडून गेली आणि बेडरूममध्ये काचेच्या पेटीत चक्क एक साप ठेवून गेली, आता फोन उचलत नाहीत. इंटरनेटवर बघितलं तर बॉल पायथन वाटतोय, फोटो पाठवलेत. पाठीचं हाड वर आलंय, जुनी कात अंगाला तुकड्या तुकड्यांनी चिकटलीय, एका डोळ्यावर पांढरट पापुद्रा आहे, पाण्याच्या वाटीत बारीक काळे ठिपके दिसतात. आईने बशीत दूध ठेवलं, कच्चं अंडं ठेवलं, त्याने तोंडही लावलं नाही. दुकानवाला म्हणतो जिवंत उंदीर सोडा, भूक लागली की खाईल. माझा चार वर्षांचा भाचा पण इथेच असतो. काय करू? – एक वाचक, खारघर

उत्तर: ताई, फोटो नीट बघितले. बॉल पायथनच आहे, पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, बिनविषारी. आपल्याकडचा अजगर नाही, ते बरं झालं, कारण आपला अजगर असता तर मी तुम्हाला एकच ओळ लिहिली असती, आत्ताच्या आत्ता वनविभागाला फोन करा. पण याचीही कागदाची बाजू आहे आणि ती टाळू नका. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साइट्स (CITES) या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले परदेशी प्राणी आपल्या वन्यजीव कायद्यात आलेत, आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे असा प्राणी ज्याच्या ताब्यात असेल त्याने केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायची असते. भाडेकरूंनी केली होती की नाही कोण जाणे. म्हणून १९२६ या वनविभागाच्या हेल्पलाइनवर कळवा, साप सोडून गेल्याचं लेखी द्या, तारीख घाला, फोटो जोडा, आणि पुढे काय करायचं ते त्यांना विचारा. कोणी सांगेल की खारघरच्या डोंगरात सोडून द्या, पांडवकड्याकडे सोडून द्या, तर अजिबात नाही. तो तिथे जगणार नाही आणि जाता जाता अंगावरचे किडे नि रोग आपल्या सापांना देऊन जाईल.

वनविभागाकडून काही ठरेपर्यंत आणि डॉक्टर मिळेपर्यंत तो तुमच्याच घरात आहे, तर आता त्याच्याबद्दल बोलू. तुमच्या पत्रातला प्रत्येक जण त्याला काहीतरी खायला घालायला बघतोय, आई दूध, अंडं, दुकानवाला उंदीर. माया आहे त्यामागे, मला कळतं, पाठीचं हाड दिसलं की पोटात कालवतं आणि आधी खाऊ घालावंसं वाटतं. पण या सापाला आज अन्न दिलं तर त्यानेच तो जाऊ शकतो. सापाचं शरीर स्वतः गरम होत नाही, बाहेरच्या उबेवर त्याचं पचन चालतं, ऊब नसेल तर गिळलेलं पोटात कुजतं नि तो ते ओकून टाकतो, ओकताना पोटातलं आम्ल घशाला भाजत येतं आणि अंगात उरलंसुरलं पाणीही जातं. शिवाय इतके दिवस उपाशी राहिलेल्या शरीराने चरबी संपवून स्नायू खायला सुरुवात केलेली असते, त्यात अचानक मोठा घास गेला की रक्तातले क्षार एकदम खाली येतात, आणि दगावण्याचा धोका तिथेच असतो. बॉल पायथन धडधाकट असेल तर महिनोन्महिने न खाता काढतो, तेव्हा आणखी एक आठवड्याने काही बिघडत नाही. तहान आणि गारठा मात्र त्याला रोज खाली ओढतायत.

तर पहिल्यांदा ऊब. पेटीच्या एका बाजूला ३१-३२ अंश, दुसऱ्या बाजूला २६-२७, म्हणजे त्याला हवं तसं सरकता येतं. तुम्ही म्हणाल नवी मुंबईत आधीच उकडतंय, पण पेटी बेडरूममध्ये आहे, आणि तिथे रात्रभर एसी चालत असेल ना? मग आधी ती खोली बदला, एसी हवा गार पण करतो आणि कोरडी पण, कात चिकटण्याचं एक मोठं कारण तेच. हीट मॅट, म्हणजे विजेवर गरम होणारी पातळ चटई आणा, पेटीच्या तळाला बाहेरून एक तृतीयांश भागात लावा, आणि थर्मोस्टॅटशिवाय (ठरवलेल्या तापमानाला वीज आपोआप बंद करणारं यंत्र) लावू नका, सापाला खालून बसणारा चटका पटकन कळत नाही आणि पोट भाजलेले साप मी बघितलेत, त्या जखमा भरायला महिने जातात. गरम होणारा खोटा दगड आणि पेटीच्या आत उघडा बल्ब, दोन्ही नको. लाइट गेली तर गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून बाहेरून टेकवून ठेवा. लपायला दोन अंधारी जागा द्या, एक उबेच्या बाजूला, एक गार बाजूला, उलटा ठेवलेला प्लास्टिकचा डबा दार कापून दिला तरी चालतो. तीन बाजूंनी काचेला कागद लावा. घाबरलेला साप खात नाही.

मग पाणी. झाकणाला भोकं असलेला डबा घ्या, त्यात त्याच्या अंगाच्या निम्म्या जाडीपर्यंतच पाणी, कोमट म्हणजे २८ ते ३० अंश, हाताला जेमतेम लागेल न लागेल असं. २० मिनिटं ठेवा आणि तिथेच बसा, अशक्त सापाला पाण्यात ठेवून फोन घ्यायला उठायचं नाही, मान उचलायची ताकद नसेल तर उथळ पाण्यातही बुडतो. पहिल्या काही मिनिटांत तो नुसता पडून राहील. मग तोंडाचं टोक पाण्याला टेकवेल आणि घशाखाली बारीक हालचाल दिसेल, आत-बाहेर, आत-बाहेर, एका लयीत. तो पितोय. त्यावेळी बोलू नका, हात लावू नका, पिऊ द्या पोटभर. सुरुवातीला हे एक दिवसाआड करा. अंगावरची चामडी चिमटीत धरल्यावर घडी तशीच राहते का, तोंडात लाळेच्या तारा दिसतात का, विष्ठेतला पांढरा भाग मऊ येतो की पिवळट खड्यासारखा टणक, हे बघत जा, पाणी भरून यायला लागलं की हे तिन्ही बदलतं.

आंघोळ झाली की ओला टॉवेल दोन्ही हातांत सैल धरा आणि त्यातून त्याला आपला आपण सरकू द्या. कात टॉवेलात राहते, साप पुढे जातो. जी निघाली नाही ती तशीच ठेवा, नखाने सोलू नका, खोबरेल तेल लावू नका. शेपटीच्या टोकाला कातीची कडी राहिली असेल तर तेवढी डॉक्टरांना दाखवा, ती आवळत जाते नि पुढचा भाग मरतो. आणि डोळ्यावरच्या पापुद्र्याला तर हातच लावायचा नाही. सापाला पापणी नसते, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो, कात टाकताना तो बदलतो. जुना राहून गेला म्हणून चिमट्याने ओढला तर खालचा जिवंत खवला पण निघू शकतो आणि डोळा जातो. हवेत ओलावा नीट मिळाला तर बरेचदा पुढच्या कातीबरोबर तो सुटतो.

वाटीतले काळे ठिपके म्हणजे माइट्स, रक्त पिणारे किडे. हनुवटीखाली आणि डोळ्यांच्या कडेला बघा, तिथे दाटीने बसतात. पेटीतलं लाकूड, माती, भुसा सगळं पिशवीत बांधून बाहेर टाका, पेटी गरम पाण्याने धुवा, काही दिवस खाली फक्त साधा टिश्यू पेपर अंथरा आणि रोज बदला. सापाच्या अंगावर काय लावायचं ते डॉक्टर ठरवतील, कुत्र्याच्या गोचिडांचं औषध किंवा घरातला स्प्रे मारू नका. आणि एक गोष्ट जी आपल्या घरांमध्ये हटकून होते, फिनाइल! फरशीला वापरतो म्हणून पेटीला वापरतात, पण ते सापांना विषारी आहे. डांबर गोळ्या पण त्या खोलीतून काढा.

डॉक्टर मात्र सरपटणाऱ्या प्राण्यांचं काम करणारेच शोधा, कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर साप बघत नाहीत. जवळ कोणी नसेल तर परळच्या व्हेटर्नरी कॉलेजला फोन करून विचारा. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज, तोंड उघडं ठेवून मान वर धरणं, नाकातोंडाशी बुडबुडे, हिरड्यांवर पिवळसर पू, यातलं काहीही दिसलं तर वाट बघू नका, त्याच दिवशी न्या. पोटाखालचे खवले लालसर किंवा तपकिरी होऊन सुटत असतील तर तेही दाखवा, ओल्या घाणीत पडून राहिल्याने होतं ते, आपल्या पावसाळ्यात तर लवकरच. मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून स्वतः टोचायचं नाही, सापाला इंजेक्शन शरीराच्या पुढच्या भागात देतात, मागे दिलं तर औषध आधी किडनीकडे जाऊ शकतं, ही माहिती असलेल्या माणसाचंच ते काम आहे.

आणि आता अन्न. ऊब नीट झाली, आठवडाभर पाणी पोटात गेलं, जिभेची ये-जा सुरू झाली, डॉक्टर हो म्हणाले, की मग. डिजिटल काट्यावर डब्यासकट वजन करा (काटा सापासाठी वेगळा घ्या, स्वयंपाकघरातला नको) आणि पहिला घास वजनाच्या ५ टक्क्यांच्या आसपास ठेवा, म्हणजे साप ६०० ग्रॅमचा असेल तर ३० ग्रॅमचा छोटा उंदीर, बस. मेलेला, फ्रीझ केलेला, फ्रिजमध्ये सावकाश बर्फ वितळू दिलेला, मग पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवून कोमट केलेला. मायक्रोवेव्ह नाही. जिवंत उंदीर तर नाहीच ताई, दुकानवाला काहीही म्हणू दे, अशक्त साप पकडत नाही आणि मग उंदीर सापाला कुरतडतो, पाठीचं मांस खाल्लेले साप येतात आमच्याकडे. चिकनचे तुकडे पण नकोत, त्यात हाड नाही, कॅल्शियम नाही. दूध कुठलाच साप पचवू शकत नाही आणि अंडी या जातीचं अन्न नाही, आईंना एवढं सांगा. सापाने उंदीर घेतला तर निदान दोन दिवस सापाला हात लावू नका. नाही घेतला तर उंदीर काढून टाका, आठवड्याने परत. तोंड उघडून कोंबायचं नाही. ओकला तर किमान दोन आठवडे काही द्यायचं नाही, फक्त पाणी आणि ऊब, आणि डॉक्टरांना कळवायचं.

भाच्याबद्दल: सापांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो आणि पाच वर्षांखालच्या मुलांना तो जास्त त्रास देतो. त्या खोलीला कडी लावा, पेटी-वाटी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवू नका, प्रत्येक वेळी हात साबणाने धुवा. दाराच्या काचेतून बघू दे त्याला, बघायलाच हवं त्याने.

पाठीचं हाड मांसाखाली जायला महिने लागतील. आठवड्याला एकदा वजन लिहून ठेवा, तारखेसकट, आणि ती वही साप ज्याच्याकडे जाईल त्याला द्या.

प्रश्न: घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीच्या बागेत नायलॉनच्या जाळीत एक धामण अडकली होती. वॉचमनने जाळी कापून सोडवली, आता झाकणाच्या बादलीत ठेवलीय, जखमेला हळद लावली. बरी झाली की येऊरला सोडायचा विचार आहे. बरोबर ना? – एक वाचक, ठाणे

उत्तर: दादा, जाळी कापली ते फार चांगलं केलंत, पण पुढचं काम तुमचं नाही. धामण १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, बरी करायला म्हणूनही घरात ठेवता येत नाही. १९२६ लावा आणि आजच द्या. घाई यासाठी की जाळी जिथे आवळली होती तिथली चामडी आज ठीक दिसते, पण खालचं रक्त थांबलेलं असतं आणि मांस काही दिवसांनी काळं पडायला लागतं. सुटली म्हणून तशीच सोडली तर झुडपात जाऊन मरते आणि कोणाला कळतही नाही. त्यातून धामण कोंडून घेणारी नाही, बादलीला तोंड घासून घासून नाक सोलून घेते. माणसं येईपर्यंत बादली सावलीत, झाकणाला बारीक भोकं, वर गडद कापड, आणि सोसायटीतल्या मुलांची गर्दी लांब. हळद परत लावू नका. दूध, अंडं काही नको.

येऊरला सोडणं बरोबर नाही. सापाला आपला परिसर माहीत असतो, कुठे बीळ, कुठे पाणी, कुठे उंदीर. लांब नेऊन सोडला की तो भटकत राहतो, आणि येऊर तर राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतं, तिथे कोणी आपल्या मनाने प्राणी सोडायचे नसतात. बरी झाल्यावर कुठे सोडायची ते वनविभाग ठरवेल. तुमच्याकडून एक होईल, बागेतली ती जाळी काढा. किंवा जमिनीपासून चांगली वर बांधा.

प्रश्न: नागपंचमीच्या आधी कळव्याला स्टेशनजवळ टोपलीत नाग घेऊन माणसं बसतात. विकत घेऊन सोडून दिला तर पुण्य लागेल असं सासूबाई म्हणतात. – एक वाचक, कळवा

उत्तर: विकत घेऊ नका, पैसे मिळाले की उद्या दुसरा पकडून आणतात. या नागांचे दात काढलेले असतात, कधी तोंड शिवलेलं असतं, आणि बरेच दिवस तहानलेले ठेवतात म्हणून पुढे केलेलं दूध तो पितो. ते दूध फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. सासूबाईंना हे जरूर सांगा, त्यांचा भाव खरा आहे, त्या ऐकतील. असा नाग सोडूनही जगत नाही, जबड्यात पू झालेला असतो, शिकार करता येत नाही, त्याला आधी टाके काढणं, नळीने पाणी, औषधं लागतात. आणि दात काढलेला म्हणून निर्धास्त राहू नका, विषाची ग्रंथी बरेचदा तशीच असते आणि दात परत येतात, तेव्हा टोपली हिसकावायला जाऊ नका. लांबून फोटो काढा, जागा आणि वेळ लिहा, १९२६ ला सांगा, आणि माणसं येईपर्यंत शक्य असेल तर तिथेच थांबा, कारण टोपली उचलून दुसऱ्या प्लॅटफॉर्मला जायला त्यांना दोन मिनिटं पुरतात.